पत्रपेटीवरचं नाव

सुलभाताई वानखेडे निर्भय होत्या, असं शोकसभेत चार जणांनी सांगितलं. त्यातला चौथा मी. खरं म्हणजे इतकी घाबरट बाई माझ्या ओळखीत दुसरी नव्हती. सरकता जिना दिसला की त्या वळसा घालून पायऱ्यांनी जायच्या. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका रासायनिक कारखान्यात त्या सुरक्षा विभागात होत्या, म्हणजे घाबरणं हीच त्यांची नोकरी. दहा आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी त्यांच्या नवऱ्याचा, अरुणरावांचा फोन आला. "सुलभा गेली..." एवढंच.

त्यांच्या कारखान्यात मरियम नावाची केमिस्ट आहे. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिची आई अजून तिथे राहते. तिच्या शिक्षक भावाला पोलिसांनी घरातून नेलं आणि कुठे ठेवलंय ते सांगायलाही नकार दिला. अशा माणसांसाठी अनेक देशांनी मिळून स्थापलेलं एक मानवी हक्क न्यायालय आहे. पण त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर जाहीर केलं, की देश त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातून बाहेर पडत आहे आणि आता खऱ्या अर्थाने सार्वभौम होत आहे. मागे चार झेंडे होते, बँडही होता. न्यायालयाला पाठवलेलं पत्र मात्र एका पानाचं होतं, असं म्हणतात. ठरलेल्या तारखेच्या आत पोहोचतील तेवढेच अर्ज चालणार होते. नंतर दार बंद.

अर्ज सुलभाताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहून घेतला, कारखान्यातल्या अपघाताचा अहवाल लिहावा तसा. मरियमने लिहून आणलेल्या सात पानांतली सगळी विशेषणं त्यांनी खोडली. "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "'क्रूर' काढ. किती वाजता आले? गाडी कुठल्या रंगाची होती?" मरियम रडत म्हणाली, पावणेसात, पांढरी. सुलभाताईंनी तेवढं लिहिलं आणि चहा ठेवला.

प्रश्न न्यायालयाच्या उत्तरासाठी द्यायच्या पत्त्याचा होता. मरियम तिच्याच देशाच्या दोन मुलींबरोबर राहायची, आणि त्यांतली कोण तिकडे काय कळवेल याचा भरवसा नव्हता. सुलभाताईंनी स्वतःचं नाव-पत्ता दिला. अरुणराव चिडले. दोघांच्या जर्मन नागरिकत्वाचे अर्ज अडकलेले. उद्या कुणी चौकशीला आलं तर?

"अहो, मलाही भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पेटी दिवसातून दोनदा बघेन. शूर माणसं पत्रं हरवतात."

अर्ज तारखेच्या नऊ दिवस आधी पोहोचला. पुढे महिनाभर त्या पडद्याआडून रस्त्यावर बघत होत्या. एक करडी गाडी तीन दिवस समोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. ती हीटिंग दुरुस्त करणाऱ्याची निघाली. आम्ही हसलो, पण त्यांनी गाडीचा नंबर लिहून ठेवलाच.

त्या गेल्या तरी न्यायालयाचं पत्र आलेलं नव्हतं. जर्मनीत इमारतीतल्या फ्लॅटना सहसा नंबर नसतात, पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. सुलभाताईंनी माहेरचं आडनाव ठेवलेलं, अरुणरावांचं आडनाव मेश्राम. इमारतीच्या व्यवस्थापनाला मृत्यूची नोंद मिळाली आणि त्यांनी तत्परतेने वानखेडेंची पट्टी काढली. अरुणरावांच्या ते चार दिवसांनी लक्षात आलं. त्या चार दिवसांत पत्र येऊन परत गेलं का, हे कुणीच सांगू शकत नाही. पत्ता बदलल्याचं मरियमने लगेच कळवलंय, पण त्याचीही पोच नाही. तिचा भाऊ अजून आत आहे... असावा.

अरुणरावांनी स्वतःच्या हाताने कागदावर नाव लिहून पेटीला चिकटवलं. मी गेलो तेव्हा ते जिन्यातच उभे होते, हातात किल्ली. "सकाळी एकदा बघितलं," ते म्हणाले, "तरी..." आणि पुन्हा उघडलं. तो कागद काढा, अशी व्यवस्थापनाची नोटीस आली. त्यांनी घाबरत घाबरत उत्तर लिहिलं, की पत्नी वारली आहे, पण तिचं एक पत्र यायचं आहे. आठवड्याने खुलासा आला: मृत व्यक्तीच्या नावाला हरकत नाही, हरकत हस्ताक्षराला आहे. मग नियमाप्रमाणे छापलेली पट्टी बसली. त्या दिवशी पेटीत पिझ्झाची जाहिरात होती.