चाकांच्या डोळ्यांची आखणी

"हे एलियन हाय, पेंटर. पुसून टाका."

चर्च कमिटीचे सेक्रेटरी दाऊदभाऊ माझ्या शिडीखाली उभे होते. हातात मोबाइल. कोणीतरी माझ्या भिंतीचा फोटो ग्रुपवर टाकला होता.

"लोकं हसून राहिले. चर्चमंदी उडती तबकडी उतरली म्हंतेत. रविवारच्या आत चुना मारा. वरून देवदूताचं फ्लेक्स लावतो."

फ्लेक्स म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. अकोल्यातल्या माझ्या सगळ्या पाट्या फ्लेक्सनंच खाल्ल्या. हातानं रंगवायची भिंत कितीतरी वर्षांनी मिळाली होती. ती मी सोडणार नव्हतो.

चित्र पास्टरांनी निवडलेलं. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याला वादळातून चार जीव येताना दिसले. प्रत्येकाला चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. शेजारी चाकात चाक, आणि चाकांच्या कडा डोळ्यांनी भरलेल्या. मी बायबल कधी वाचलं नव्हतं. पास्टरांकडून तो अध्याय तीनदा वाचून घेतला आणि ठरवलं, लिहिलंय तसंच काढायचं. गुलाबी गालांचे देवदूत काढणारे पुष्कळ आहेत.

"शास्त्रात डोळेच लिवले हाय भाऊ. काहून पुसू?"

"हे डोळे हाय? मले तं खिडक्या दिसते."

खाली उतरून लांबून पाहिलं. माणूस खरं बोलत होता. मी उमेदवारी केली गणपतीच्या कारखान्यात. तिथली रीत अशी, की डोळे सर्वांत शेवटी. बुबुळं भरण्याला आखणी म्हणतात, ती एका बैठकीत, एकाच हातानं. त्याच सवयीनं मी इथली आखणी शेवटच्या दिवसावर ठेवली होती. चाकांभोवती नुसतीच पांढरी अंडाकृती भोकं. तबकडी नाही तर काय!

"दोन घंटे द्या," मी म्हटलं. "तरी तबकडीच दिसली तं चुना मीच मारतो."

हात स्थिर राहावा म्हणून मनगटाखाली काठी टेकवली आणि एकेक बुबुळ भरत गेलो. पाणी प्यायलाही उतरलो नाही. दाऊदभाऊ बाकावर मोबाइल पाहत बसले होते.

शेवटचा डोळा भरला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. उठून डावीकडे गेले. मग उजवीकडे. मोबाइल खिशात ठेवला.

"पेंटर, हे मलेच पाहून राहिले काय हो?"

"सगळ्यायलेच पाहते, भाऊ."

ते मागे दारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "राहू द्या. फ्लेक्सवाल्याले नाही म्हून सांगतो."

भिंत अजून आहे. मी मात्र तेव्हापासून चर्चच्या कामात डोळे आधी भरतो. गणपतीला धीर असतो, कमिटीला नसतो.