मोतीबाईची खुडूक

आमच्या कडाव गावात कुणाला अंडी उबवायची असली, की बाई आधी मोतीबाईच्या परसात जायची. माझी पिठाची गिरणी तिच्या घराला लागूनच आहे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला दिसते, आणि दळण टाकून दोन गोष्टी सांगूनही जाते. मी काही कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी नव्हे. पण मोतीबाईबद्दल अर्धवट ऐकून बोलणाऱ्या हल्ली फार झाल्यात, म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगावं.

पिसं फुलवून, डोळे मिटून एका जागी बसून राहते ती खुडूक कोंबडी. तिच्याखाली अंडी ठेवली की पिल्लं निघतात. पण आपल्याकडे अंडी साठली असताना आपलीच कोंबडी खुडूक होईल असं थोडंच असतं? मग शेजारणीची आणायची. पिल्लं निघाली, थोडी मोठी झाली, की कोंबडी परत द्यायची, वर एखादं पिल्लू द्यायचं. मधेच मेली तर तिच्या बदली आपली कोंबडी द्यायची. हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

मोतीबाई साठीची, काटक, आणि तोंडानं अशी फटकळ की समोरच्याला पाणी प्यायला वेळ मिळू नये. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात एक लंगडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दिली होती, म्हणे हिला जगवून दाखव. त्या एका तलंगेवर तिनं परस भरून टाकलं. नवरा भातात आणि ही कोंबड्यांत, असा तिचा संसार झाला. कोंबडीची विष्ठा बघून तिला पोट कळायचं, तुरा बघून ताप कळायचा. गावातल्या बायका तिला विचारल्याशिवाय लसणाची पाकळीसुद्धा कोंबडीला घालत नसत, आणि तिलाही ते आवडायचं. का नाही आवडणार?

तिचा एक धडा तर सगळ्या गावाला पाठ होता. बाजारातून आणलेली कोंबडी लगेच जुन्या कोंबड्यांत सोडायची नाही. बाकीच्यांपासून लांब, डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली ठेवायची, खाते का, शिंकते का, डोळ्यांतून पाणी येतं का ते बघायचं, आणि मगच आत घ्यायची. एकदा मी घाईत सोडली, तर मला चारचौघींत अशी झापली की दोन दिवस मी तिच्या दाराकडं बघितलं नाही.

आणि हीच बाई! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गेल्या दिवाळीनंतर कशेळ्याच्या बाजारात तिला दोन तांबड्या तलंगा दिसल्या. बाजार उठत आला होता, विकणारा स्वस्तात देत होता. घेतल्या, जीपमधून मांडीवर बसवून आणल्या, आणि अंधार पडला होता, डालगं माळ्यावर होतं, गुडघे दुखत होते, म्हणून सरळ खुराड्यात सोडल्या. एका रात्रीनं काय होतंय, असं सुनेला म्हणाली.

सून अपेक्षा कर्जतला औषधांच्या दुकानात कामाला जाते. शांत पोरगी आहे, पण कान तिखट. थोड्याच दिवसांत तिला दिवेलागणीला खुराड्यातून खुळखुळ ऐकू यायला लागली, कुणी पाण्यातून श्वास घेतल्यासारखी. सकाळी बघितलं तर एक तांबडी चोच उघडून मान ताणत होती, आणि दुसरीच्या डोळ्याला फेस होता. जुन्या कोंबड्यांतही शिंका सुरू झाल्या होत्या. अपेक्षानं सासूला सांगितलं की आजारी बाजूला काढू, गुरांच्या डॉक्टरला फोन करू, आणि तोवर परसातली एकही कोंबडी बाहेर जाऊ देऊ नका.

मोतीबाईनं आजारी तेवढ्या पडवीत नेऊन ठेवल्या, हळद-लसूण चारली. डॉक्टरला मात्र नाही म्हणाली. त्याची मोटारसायकल दारात दिसली की गाव विचारणार, काय झालं? मग काय सांगायचं, मोतीबाईनं बाजारची कोंबडी तशीच आत सोडली? अपेक्षा मला हे नंतर गिरणीत सांगत होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूपुढं फार बोलता येत नाही, आणि गप्प राहवत नाही, अशी तिची गत.

दुसऱ्याच दिवशी भागी आली. भागीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत वाट्यानं दिलेलं, त्यातून भात तेवढा घरात येतो. बाकी सगळं कोंबड्यांवर. पोरगी ऋतिका कर्जतच्या कॉलेजात जाते ती या अंड्यांच्या जोरावर, आणि भागी हे अभिमानानं सांगते. तिनं अंडी साठवली होती आणि तिला खुडूक हवी होती. मोतीबाईची एक करडी कोपऱ्यातल्या टोपलीत खुडूक बसलेलीच होती, भागीला ते माहीत होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. मोतीबाईनं करडीला उचललं, भागीच्या हातात दिलं, आणि तेवढ्यात करडी शिंकली.

"काकी, शिंकली का गं?" भागीनं विचारलं.

"धूळ हाय टोपलीत. जा तू," मोतीबाई म्हणाली.

भागी गेली. मोतीबाईचा शब्द म्हणजे तिला देवाचा शब्द.

पुढं काय झालं ते सांगायलाही जिवावर येतं. करडी अंड्यांवरच मेली. मग भागीच्या कोंबड्या एकेक करून मान टाकायला लागल्या, डोळे सुजले, श्वासाला घरघर, हिरवट हगवण. शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं, मरत नाहीत तोवर कापून विकून टाक. भागीनं ते केलं नाही, एवढं तिचं मन. सगळ्या गेल्या, एक पांढरी तेवढी वाचली, कारण ती पिल्लांसकट घरामागच्या गोठ्यात राहायची.

मी मोतीबाईच्या ओटीवर तिच्या नाचणीचं पीठ घेऊन बसले होते तेव्हा भागी अंगणात आली. काखेत ती पांढरी कोंबडी होती. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. म्हणाली, काकी, तुझी करडी माझ्याकडं मेली, माझ्या घरात काय साडेसाती आली कळत नाय, तुझं मी नुकसान केलं, ही घे.

मोतीबाई उठली आणि तिथंच थांबली. मला वाटलं, घेते की काय ही. घेतली असती तर ती पांढरीही तिच्या खुराड्यात मेली असती, आणि परत करायची तर तोंड उघडावं लागणार. मी तिच्याकडं बघत होते. लाजेनं माणूस काळं पडतं म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

"पुढं येऊ नको, भागे," ती म्हणाली. "माझ्याच खुराड्यात रोग हाय. करडी शिंकली ती धूळ नव्हती. मला ठाव होतं."

भागी हलली नाही. कोंबडी तेवढी काखेत घट्ट धरली.

"मग तवाच का नाय सांगितलंस?"

"लाज वाटली."

"आन् आता?"

"आता जास्त वाटते."

"वाटू दे," भागी म्हणाली, आणि आली तशी परत गेली.

त्याच दुपारी मोतीबाईनं स्वतः अपेक्षाला फोन करायला लावला. डॉक्टर आला. नुसतं बघून रोगाचं नाव सांगता येत नाही म्हणाला, मेलेली एक तपासायला नेली. कोंबड्या ना विकायच्या ना कापायच्या, मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या, खुराड्यात जाताना नाकातोंडाला फडकं बांधायचं, त्या चपला अंगणात आणायच्या नाहीत, हात साबणानं धुवायचे, असं सगळं समजावलं. भागीकडंही तो जाऊन आला. मोतीबाई मात्र ज्या ज्या घरी तिच्या कोंबड्या गेल्या होत्या, त्या प्रत्येक घरासमोर गेली. अंगणात पाय न ठेवता रस्त्यावरूनच सांगत होती, माझ्या कोंबड्या आजारी हायेत, चूक माझी हाय. कुणी ऐकून दार लावलं, कुणी तिच्या पाठीमागं हसलं. मी चार जणींना तिथंच सुनावलं, पण त्याचा काय उपयोग?

भागीची पांढरी जगली. उन्हाळ्यात भागीनं पुन्हा अंडी साठवली. मोतीबाईच्या परसात आता रोग राहिला नाही असं तोवर डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि लस टोचलेली एक चांगली खुडूक टोपलीत बसली होती. भागीलाही ते ठाऊक होतं, गावात काय लपतं? ती सकाळी रिकामी पिशवी घेऊन मोतीबाईच्या दारावरून गेली आणि कशेळ्याच्या जीपमध्ये बसली. खुडूक आणायला.

मोतीबाई ओटीवर होती. तिनं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?