एक डबा वाटेचा

पोंभुर्ण्याच्या पेट्रोल पंपावर अधूनमधून एक पिकअप येते. मागे लाल, बुटकी स्पोर्ट्स कार बांधलेली. रेसच्या ट्रॅकवर निघालेली पिकल्या केसांची बाई उतरते, ओढणी खोचते, कारमध्ये अर्धी टाकीच पेट्रोल टाकते, बाकीचं डब्यांत भरून घेते. शेवटचा डबा मात्र पुढे सीटपाशी ठेवते.

परवा पेट्रोल भरायला गेलो तेव्हा मी विचारलंच, "ताई, कारची टाकी अर्धीच काऊन?"

"भरली टाकी जड होते भाऊ, वळणावर गाडी आळसते. लागन तसं डब्यातून टाकाचं."

"अन् हा पुढचा?"

"तो ट्रॅकचा नाई. जंगलाच्या रस्त्यात पेट्रोल संपून कोणी रिकामी बाटली हलवत उभा असते नं, त्याचा."

ती गेली. मी डिकीतली रिकामी बाटली काढून पंपवाल्यापुढे धरली. माझ्या स्कूटरची टाकी तर फुलच होती.