उलट्यांचं सुतक

जानेवारी, संक्रांतीनंतरचा बुधवार. मुक्काम मुरुम. हजर : सासरे, सासूबाई, माझा नवरा, धाकटा दीर, धाकटी जाऊ, तिचं सात महिन्यांचं बाळ आणि मी. पाहुणे दुसऱ्या दिवशी बाळाच्या बोरन्हाणाला येणार होते. बोरं, चुरमुरे, हलव्याचे दागिने, सगळं आणून झालं होतं. सकाळी चहा घेता घेता सासऱ्यांना उलटी झाली आणि दुपारपर्यंत त्यांना उभं राहता येईना.

आदल्या दिवशी ते एका मित्राच्या शेतावर हुरड्याला गेले होते. हुरडा म्हणजे भाजून एका घोंगडीवर चोळलेले ज्वारीचे कोवळे दाणे आणि त्यात सगळ्या गावाचे हात. दुपारी फोनाफोनी झाली तेव्हा कळलं, त्या घोंगडीवरचे निम्मे लोक आपापल्या घरी आडवे आहेत. सासऱ्यांनी दोष चटणीला दिला.

दीर त्यांना उमरग्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू आहे, साथ चालू आहे. याला वेगळं औषध नाही, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहा. हात साबणानंच धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका. उलटी पडली ती जागा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं पुसा. आजारी माणसाला, बरं वाटल्यावरही आणखी दोन दिवस, स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. मग त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? दिरानं सांगितलं. आमचं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलेलं, सोलापूरला काचेच्या पेटीत राहून आलेलं. वजन तेव्हा कुठं काट्यावर दिसण्याइतकं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, या बाळाला हे होता कामा नये.

करोनाच्या काळात घेतलेला सॅनिटायझरचा कॅन मी मोठ्या जपणुकीनं ठेवला होता, तो कपाटात परत गेला. मी शिक्षिका आहे. जनगणनेपासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळ्या याद्या माझ्याकडे असतात, त्यामुळे संध्याकाळच्या आत घराचीही यादी तयार झाली. सासरे बाहेरच्या खोलीत, त्यांचं न्हाणीघर वेगळं. जाऊ आणि बाळ माडीवर, ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं. पुसापुशी नवऱ्याकडे. त्याला हातमोजे, फडकी आणि पावडर दिली. तोंडाला त्यानं मला न विचारता माझी चांगली ओढणी बांधली.

यादीत पाहुण्यांचा विचार मी केला नव्हता. बोरन्हाण रद्द म्हणून कळवलं, तसे लोक का रद्द हे विचारायला यायला लागले. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जायचंच असतं. आलेल्याला चहा द्यायचाच असतो, आणि चहा झाला की बाळाला जवळ घ्यायचंच असतं. मी फाटकावर पाटी लावली : घरात उलटी-जुलाबाची साथ आहे, कृपया आत येऊ नये. अर्ध्या तासात शेजारच्या काकू नारळ घेऊन आत.

"काकू, पाटी वाचली न्हाय का?"

"वाचली की. म्हणून तर आले. पाटी लावण्याइतकं झालंय म्हणल्यावर न येऊन कसं चालंल, बाई?"

सासऱ्यांच्या कपाळावरून हात फिरवून त्या तशाच जिन्याकडं निघाल्या. वरून जावेनं दार लावून कडी घातली. काकूंना ते लागलं. जाताना म्हणाल्या, "एवढं काय सोनं लागलंय त्याला?"

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी हे सगळं बसल्या जागेवरून पाहिलं. "तुझ्या पाटीनं गर्दीच वाढली," त्या म्हणाल्या. "काढ ती. माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी दूधवाला आला. आत्यांनी पातेलं लांब ठेवलं आणि म्हणाल्या, "वरनं वत. आमाला सुतक हाय."

तो दोन पावलं मागं सरला. मी आत्यांना बाजूला घेतलं. "सुतक? कुणाचं?"

"भावकी कर्नाटकापतोर पसरलीय. कुणी ना कुणी गेलंच असंल."

"आन खोटं बोललेलं चालतंय?"

"खोटं कोण बोलायलंय? सुतक हाय म्हणलं. कोण गेलं ते कुठं सांगितलं?"

मान्य करायला जड जातं, पण त्या एका शब्दानं माझी अख्खी यादी अमलात आली. कोणी उंबरा ओलांडेना. कोणी पाणी मागेना. शिवायचं नाही, भांडी वेगळी, कपडे वेगळे, आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत आमच्याकडं एकही बाई आली नाही आणि आत्याही कुठं गेल्या नाहीत. विषाणू म्हटल्यावर जे घरात शिरत होते, ते सुतक म्हटल्यावर रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. मी फक्त साबण वाढवला.

पण भावकी खरंच पसरलेली होती. रविवारी सकाळी फाटकासमोर जीप थांबली आणि आतून आक्रोश ऐकू आला. तेरहून सासऱ्यांची थोरली बहीण आली होती. सुतकाची बातमी मुरुमहून तेरला जाईपर्यंत त्या बातमीला एक मयत मिळालं होतं. हातात पिठलं-भाकरीचं गाठोडं, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. "माझा पाठचा गेला गं!" म्हणत त्या अंगणात आल्या.

सासऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटत होतं. ते दार उघडून बाहेर आले. "आक्का, कशाला रडायलीस? कोण गेलं?"

आक्का मधेच थांबल्या. "तूच की रं, मेल्या!"

मग त्यांनी भावाला मिठी मारली, पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी साबण घेऊन धावले. मयताच्या घरी आल्यावर पाय धुतात, म्हणून त्यांनी त्या साबणानं पाय धुतले. गाठोडं सोडलं आणि बहीण-भाऊ एका ताटात जेवायला बसले. मी बोलत होते. कोणी ऐकत नव्हतं.

जेवून आक्का उठल्या. "आलेच हाय तर नातवाला बघून जाते."

जिन्याच्या खालच्या पायरीवर आत्या बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी या नणंदेला कशालाच नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

"वन्सं, वर जाऊ नका."

"मला अडवतीस?"

"अडवते. ह्या हातानं तुमी आत्ता ह्यांना गोंजारलाव. आन मी तरी कुठं गेले वर? बुधवारपासनं लेकराचं तोंड बघितलं न्हाय म्या. त्याचं रडणं तेवढं ऐकायला येतंय."

आक्का रिकामं गाठोडं झटकून जीपमध्ये जाऊन बसल्या. मंगळवारी तेरहून फोन आला. आक्का, त्यांची सून आणि जीपवाला, तिघंही आडवे. आक्का क्षीण आवाजात म्हणाल्या, "रडायला आले त्याचं हे बक्षीस." मी त्यांना मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण सांगितलं. पायांबरोबर हातही धुवा, हे सांगायचं मोठ्या कष्टानं टाळलं.

आमच्याकडं मग दिराचा नंबर लागला, शेवटी माझा. यादी करणारीच झोपल्यामुळे घर बिघडेल असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. नवऱ्यानं ओढणी बांधून माझंही निस्तरलं. आत्यांना काहीही झालं नाही. आणि बाळालाही नाही. दिरानं परवा बाळाला आणि जावेला उमरग्याला नेऊन आणलं. वजन उतरलेलं नाही, उलट थोडं वाढलंय. डॉक्टरांनी आता मोकळीक दिली आहे.

सुतकाला शेवटचा दिवस असतो. घर धुतात, आंघोळी होतात, चार माणसं येऊन जातात आणि सुटलं हे सगळ्यांना कळतं. माझ्या नियमांना असा दिवस मी ठरवलाच नव्हता. आम्ही सगळे बरे झालो, डॉक्टरांनी सांगितलेले वरचे दोन दिवसही सरले, तरी जाऊ अजून जिन्याच्या पायरीवरचं ताट पदरानं धरून आत घेते आणि कडी घालते. आत्या सकाळी हात धुतात, कोरडे होईपर्यंत समोर धरून जिन्याशी बसतात आणि काही मागत नाहीत. दीर म्हणतो, वहिनी, तुमीच सांगा. नियम माझे, तेव्हा सांगायचंही मीच. काल मी जिना चढले. जावेनं आतूनच विचारलं, "ताई, शेवटची उलटी तुमालाच झाली होती न्हवं?" मी व्हय म्हणाले आणि खाली आले.

बाळ आत्यांच्या मांडीवर द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.