शनिवारचं तेल

आमच्या घरी मोटरसायकलचं तेल निवडायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात माझं लग्न ठरलं होतं. (दोन्ही वेळा ज्याचा संबंध सर्वांत जास्त, त्याचं मत कोणी धरलं नाही.)

मोटरसायकल माझ्या धाकट्या बहिणीची, मंजूची. ट्रायल्स नावाच्या खेळातली. या खेळात वेगाला किंमत नसते. खडकांवरून गाडी हळूहळू चढवायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढंच. त्यामुळे गाडीला सीट नावालाही नसते. आईने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "बसाले जागाच नाही, अन् हे गाडी म्हणून घेतली?" पुढे गाडीवरून घरात रोजच कुरबुर होऊ लागली, तेव्हा आईनेच निकाल दिला. आमच्या शहरातल्या मदनमहालच्या टेकडीवर रविवारी स्पर्धा होती. तिथला मोठा खडक मंजू पाय न टेकता चढली तर गाडी राहील, नाही तर विकायची. अधारतालचं एक गिऱ्हाईक तयारच होतं. मंजू वाद घालणारी नाही. ती फक्त घरात एका पायावर उभी राहून चहा पिऊ लागली.

या गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. मंजू शिकवते त्या शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून तेल आणायचं तिने मला सांगितलं. कोणतं आणायचं तेही सांगितलं. पण मी पडलो वाचणारा माणूस. सांगितलेली वस्तू नुसती आणून द्यायची, तर इतकी वर्षं वाचनालयाची वर्गणी कशासाठी भरली?

त्यात मोरूकाका. काका डिफेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणजे पेन्शन घेत होते एवढंच. आवाज अजून ड्यूटीवरच होता. त्यांचं म्हणणं, तेल जाडच हवं. "इंजिन म्हणजे इंजिन असते. तोफ ओढणारं असो की मंजूचं हे टिंगरू." मी म्हणालो, पातळ तेलाने धूर कमी होतो. काका म्हणाले, धूर निघाल्याशिवाय इंजिन चालून राहिलं हे कळणार कसं? मी जाऊन आणखी दोन मासिकं वाचली. एकदा आम्ही नेपियर टाउनच्या दुकानापर्यंत गेलोही. तिथे काउंटरवरच आमचं पुन्हा वाजलं. दुकानदाराने "आप लोग घर से तय करके आइए" म्हणून हात जोडले. आम्ही समोसे घेऊन परतलो.

शुक्रवारी रात्री एकदाचं एकमत झालं. मंजूने सोमवारी सांगितलेलंच तेल आणायचं ठरलं. सकाळी मी पिशवी घेऊन निघालो, तर दारात आई.

"कुठं चालला?"

"तेल आणाले."

"आज शनवार हाय."

आमच्या घरात शनिवारी तेल विकत येत नाही. मी समजावलं की हे खायचं तेल नव्हे, जाळायचं आहे. शनीला यात रस असायचं कारण नाही.

"डब्ब्यावर तेल लिवलं हाय का नाही?"

"लिहिलंय."

"मंग झालं."

मी काकांकडे पाहिलं. आयुष्यभर तोफांच्या सोबतीत वावरलेले काका घातलेल्या चपला पुन्हा काढत होते. रविवारी पहाटे कोणतं दुकान उघडणार होतं?

आणि इथे माझं वाचन कामी आलं. जुन्या काळी शर्यतीच्या गाड्यांत चक्क एरंडेल वापरत, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. एरंडेल आमच्या घरात भरपूर होतं. (आमच्या बालपणावर आईने त्याचे पुष्कळ प्रयोग केले होते.) शिवाय ते बुधवारी आणलेलं. आईने स्वतः काढून दिलं. मी ते कॅनमधल्या पेट्रोलमध्ये ढवळलं. काकांनीही मान डोलावली, कारण ते जाड होतं. संध्याकाळी मंजूने विचारलं, "भैया, तेल आणलं ना?" मी म्हणालो, "घरात आहे." हे अक्षरशः खरं होतं.

आईने कॅनला कुंकू लावून तो देवापाशी ठेवला आणि बजावलं, "आता हालवू नको." थंडीचे दिवस होते. एरंडेल गारठून रात्रीतून तळाशी बसतं, हे त्या मासिकाने छापलं नव्हतं. सकाळी काकांच्या स्कूटरवर मागे बसून मी तो कॅन कलशासारखा, जराही न हिंदकळू देता टेकडीपर्यंत नेला आणि टाकीत रिकामा केला.

खडकाखाली आई आधीच येऊन थांबली होती, आणि तिच्या शेजारी अधारतालचं गिऱ्हाईक दोर घेऊन उभं होतं. गाडी बांधून न्यायला.

मंजू चढू लागली. नळीत आधीचं पेट्रोल होतं तोवर गाडी पालीसारखी खडकाला धरून गेली. आणि अर्ध्यावर एरंडेल पोचलं. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की काका खूश झाले. मग इंजिन बंद पडलं.

टेकडीवर कोणी श्वास घेईना. (धुरामुळे घेताही येत नव्हता.) धूर जरा विरला तेव्हा दिसलं, मंजू तिथेच होती. बंद गाडीवर, उभ्या दगडावर, दोन्ही पाय वर. आमच्या शहरात एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर इवल्याशा टेकूने उभी आहे. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. माझी बहीण तशी उभी होती. फरक इतकाच की ती किंचित हलत होती. पुढे, मागे, पुढे, मागे. टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. जे मी सकाळी करायला हवं होतं ते ती खडकावर लटकून करत होती. मग तिने एक पाय सावकाश किकवर नेला. एकदा. पुन्हा एकदा. गाडी खोकली, पेटली, आणि मंजू माथ्यावर गेली.

पंचाचे डोळे चुरचुरत होते. त्याने विचारलं, "पैर टिका क्या?"

आम्ही घरचे, आमचं कोण ऐकणार? उत्तर दिलं ते गिऱ्हाइकाने. "नहीं टिका, भैया. मैंने पलक नहीं झपकाई." आणि गिऱ्हाईक दोर गुंडाळू लागलं.

मंजू खाली आली. "भैया, तेल कोणतं होतं?"

"घरचं," आई अभिमानाने म्हणाली.

गाडी राहिली. एरंडेलही थोडं राहिलं होतं. मंजूने घरी येऊन आईला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा आईने ते वाटीत काढून माझ्यासमोर ठेवलं. "इंजिनाले चाललं, तुले काहून नाही चालणार?" सोमवारी मी कचेरीत गेलो नाही. दिवसभरात परसाकडे जाताना माझा पाय किती वेळा जमिनीला टेकला, हे मोजायला सुदैवाने पंच नव्हता.