दिवाळसणाचे हातमोजे

मुलीचा पहिला दिवाळसण. जावयांना अंगठी करायची की घड्याळ घ्यायचं, यावर आमच्या कर्वेनगरच्या घरात पंधरा दिवस बैठका चालल्या होत्या. मग मुलीचाच फोन आला. "बाबा, अंगठी नको, तो घालणार नाही. टिकाऊ हातमोजे बघा."

जावई मालवणकडचे. पावसाळा संपून पाणी निवळलं की श्वास रोखून बुडी मारायची आणि खडकाच्या कपारीत हात घालून शेवंड पकडायची, हा त्यांचा धंदा. लांब मिशांची, काटेरी पाठीची ही शेवंड हॉटेलात गेली की लॉबस्टर होते. गेल्या हंगामात तिच्या काट्यांनी त्यांचा उजवा तळवा असा फाटला, की हात महिनाभर सुजलेला होता. मुलीने त्याचीच धास्ती घेतली होती.

धास्ती मलाही होती, पण वेगळी. लग्नाआधी मी त्यांना विचारलं होतं, "हे झालं, पण कायमची नोकरी?" ते हसले होते. मुलगी मात्र हसली नव्हती. ते वाक्य परत घ्यायची ही संधी होती.

मला पोहता येत नाही. समुद्रात मी घोट्यापर्यंत जातो, तेही बायकोचा हात धरून. पण खडकीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं माल तपासलेला माणूस मी. हातमोज्यांना काय घाबरायचं?

रविवार पेठेतल्या दुकानदाराने वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "कशासाठी हवेत?"

"शेवंड पकडायला."

आता मान वर झाली. "तुम्ही पकडणार?"

"जावई."

"मग जावयांना पाठवा. हात त्यांचेच आहेत ना?"

अपमान गिळून मी चार प्रकारचे जोड घरी आणले आणि रीतसर चाचणी सुरू केली. प्रत्येक मोजा किसणीवर शंभर वेळा घासायचा आणि वहीत नोंद करायची.

"अहो, त्या किसणीवर मला करंज्यांचं खोबरं किसायचंय," बायको म्हणाली.

"ही सुरक्षेची बाब आहे."

"असू दे. किसणी माझी आहे."

तीन जोड नापास झाले. पहिला आला तो वेल्डिंगवाले वापरतात तसला, कोपरापर्यंतचा, जाड चामड्याचा. त्यावर साधा ओरखडा उठला नाही. तरी मला एक उणीव दिसलीच: लाटेत निघून गेला तर? मी चांभाराकडून मनगटाला पट्टे शिवून घेतले. दुहेरी शिलाई, वर बक्कल.

पाडव्याला जावयांना ओवाळलं आणि मी तबकात हातमोजे ठेवले. त्यांनी ते चढवले, बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली. "मजबूत आहेत," ते म्हणाले. मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

"बाबा, तुम्ही घालून बघता जरा?" जावई म्हणाले.

मी उत्साहाने उजव्या हातात मोजा चढवला. त्यांनी बक्कल लावलं, तबकातली सुपारी उचलली आणि कपाट आणि भिंतीच्या फटीत टाकली. "आता ती काढा. आणि श्वास रोखा."

हात आत गेला. सुपारी कुठे आहे ते बोटांना कळेना. अंदाजाने काहीतरी धरून मूठ अर्धीमुर्धी वळली, आणि हात बाहेर येईना. ओढला तर चामडं आणखी चेपून बसलं. डाव्या हाताने बक्कल काढायला गेलो, तर तेच फटीच्या आत. सगळे हसत होते. मीही हसलो असतो, पण श्वास रोखला होता. तो सुटला तेव्हा मी घरातली हवा इतक्या मोठ्याने ओढली, की हसू तिथल्या तिथे थांबलं. मुलगी नवऱ्याकडे बघत होती.

जावयांनी फटीत हात घालून बक्कल सोडवलं. "मोजा फाटला तर तळवा फाटतो, बाबा. मोजा अडकला तर..." मुलीकडे बघून त्यांनी पुढचं गिळलं. "शेवंड हाताला कळली पाहिजे आणि वेळ आली तर हात मोज्यातून सुटला पाहिजे. टिकाऊ नसले तरी चालेल, दुसरे घेऊ."

"तू मला हे कधी सांगितलंस?" मुलीने विचारलं. ते सुपारी काढायला फटीशी वाकले.

भाऊबीजेला सकाळी मी आणि जावई दोघंच बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी विणलेले, तळव्याला पातळ रबर लावलेले साधे मोजे निवडले. माझ्या किसणीवर दहा घासांतसुद्धा टिकले नसते. ते पिशवी मागणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं.

"एकदा घाला. आता मी मनगटापाशी धरतो, तुम्ही हात काढा."

त्यांनी झटका दिला. हात बाहेर, रिकामा मोजा माझ्या मुठीत.

"परत."

"बाबा, निघतोय की."

"डावा राहिलाय," मी म्हणालो. "आणि मग उजवा पुन्हा एकदा."