चहाचा वेढा

मी चहाचा कप ठेवला आणि एका शहराला वेढा पडला. यात माझ्या पदरचं काहीही नाही. कप ओथंबलेला होता, टेबल बाणताईंचं होतं आणि त्यावर पसरलेला नकाशा उद्याच्या पहिल्या पानाचा होता. कप उचलला तेव्हा सीमेपलीकडच्या त्या नदीकाठच्या शहराभोवती एक सुबक तपकिरी गोल उमटलेला होता. मी रुमालानं टिपायला गेलो, तर तो आणखीच रेखीव झाला. मग कुठल्याही सुशिक्षित माणसानं केलं असतं तेच मी केलं. कप घेऊन आपल्या टेबलाशी जाऊन बसलो आणि गंभीर चेहऱ्यानं लिहू लागलो.

ताई शाईचे हात धुवायला गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत छपाईवाला नकाशा घेऊन गेला. काळ्या-पांढऱ्या छपाईत चहा आणि शाई यांत भेद राहत नाही. पान लावणाऱ्यानं गोल पाहिला आणि मोठ्या टाइपात मथळा टाकला : शहराला वेढा. त्यानं कुणाला विचारलं नाही, कारण ताईंच्या नकाशात न घडलेलं कधी काही नसायचं.

आमच्या वर्तमानपत्रात नकाशे काढणाऱ्या या बाईंना सगळे बाणताई म्हणत. लढाईआधी त्या हवामानाचा नकाशा काढत, शब्दकोड्याचे चौकोन आखत आणि मुलांच्या पानावर सशाला गाजरापर्यंत पोचवायच्या वाटा गुंतवत. मी मागच्या पानावर विनोदी सदर लिहायचो. अशी आम्ही दोन बिनमहत्त्वाची माणसं खिडकीजवळच्या एकाच कोपऱ्यात बसायचो. मग शेजारच्या देशानं आमचा एक डोंगरपट्टा गिळला, आमच्या सैन्यानं उलट दुसऱ्याच बाजूनं सीमा ओलांडली आणि ताई थेट पहिल्या पानावर गेल्या. खुर्ची मात्र तीच राहिली. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली जुनी शब्दकोडी दुमडून घातलेली होती. वीज वाचवायची म्हणून संगणक बंद होते, त्यामुळे सगळं काम हातानं चाले.

ताईंचा एक नियम होता. सैन्य निघालं की त्या बाणाची नुसती दांडी आखत. टोकाला त्या डोकं म्हणत, आणि बातमी पक्की झाल्याखेरीज डोकं लावत नसत. त्यामुळे आमच्या पहिल्या पानावर बरेच दिवस बिनडोक बाण हिंडत असत. माहिती खात्याचे एक साहेब रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या टेबलावर बूड टेकत आणि बाणांची जाडी तपासत.

"ताई, याला आता डोकं लावा."

"आधी तुमच्या बातमीला लावा."

"अहो, वरून आलंय."

"वरून येतं म्हणून तर विचारतेय."

साहेब हसून घेत. लोकांचा विश्वास ताईंच्या नकाशावर होता, त्यांच्या पत्रकांवर नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. माणूस तसा मोकळा. एकदा त्यांनी आम्हाला सगळी चढाई खोडरबर आणि टाचणीच्या डबीवर समजावून दिली.

"हे शहर घ्यायचंच नाहीये मुळी. त्यांचा थोडा मुलूख आपल्या मुठीत असला की तहाच्या टेबलावर म्हणता येतं, तुम्ही आमचा डोंगर सोडा, आम्ही तुमची शेतं सोडतो. म्हणून नदीपर्यंत जायचं आणि गप्प बसायचं."

"म्हणजे गहाण ठेवून घ्यायचं," ताई म्हणाल्या.

"गहाण नाही म्हणायचं. सामरिक लाभ म्हणायचं."

ताईंना त्यातलं 'गप्प बसायचं' तेवढं फार आवडलं. नदीच्या अलीकडे गप्प बसलेल्यांत त्यांचा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवला. नळदुरुस्तीचं काम करायचा. सैन्यात बोलावणं आलं तेव्हा ताईंच्याच स्वयंपाकघरातली गळकी तोटी उघडून बसला होता, ती तशीच सोडून गेला. दुसऱ्या कुणाला बोलवा म्हटलं की ताई म्हणत, "तो येऊन करेल. तहच तर व्हायचा आहे."

तर त्या सकाळी गावभर फटाके वाजले. मंत्र्यांनी वेढ्याचं श्रेय न्याहारीच्या आधीच घेऊन टाकलं. दुपारी विरोधी पुढाऱ्यांनी सभागृहात विचारलं, वेढा घातलाय तर शहर घ्यायला काय मुहूर्त बघताय?

ताईंनी अंक पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मला दंडाला धरून संपादकांकडे नेलं. मी सगळं सांगितलं.

"चहा?" संपादक म्हणाले.

"हो."

"अहो, माझा अग्रलेख लिहून झालाय. त्याचं मी काय करू?"

"खुलासा छापा," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ आहे तिथं."

साहेब तिथंच बसले होते. त्यांचा चेहरा खरोखर कळवळला. "ताई, तुम्हाला कसं सांगू? खुलासा करणं फार अवघड आहे हो. त्यामानानं वेढा घालणं सोपं."

पुढच्याच आठवड्यात भावाचा फोन आला. फोन माझ्या टेबलावर असायचा. वाचकांच्या शिव्या ऐकायला मलाच नेमलेलं होतं. त्याचा आवाज इतका खणखणीत होता की सगळं मला ऐकू येत होतं.

"ताई, तुझा पेपर आला इथं. आम्ही वेढा घातलाय म्हणे. आम्हाला कुणी बोललंच नाही गं."

"तो मी काढलेला नाही. चहाचा आहे."

"कसला?"

"चहाचा. आमच्या लेखकानं कप ठेवला."

तो एवढा हसला की ताईंनी फोन कानापासून लांब धरला. मग त्यानं तिकडे ओरडून कुणाला तरी सांगितलं, आणि तिकडेही हशा पिकला.

"बरं झालं, कशासाठी चाललोय ते तरी कळलं. उद्या नदी ओलांडायची आहे. अगदी तुझ्या नकाशाबरहुकूम."

ताईंनी फोन पुन्हा कानाशी घट्ट धरला.

"आणि त्या लेखकाला म्हणावं, कप जरा लहान घेत जा. पायाचे तुकडे पडणारेत आमच्या."

फोन तुटला.

त्यांनी नदी ओलांडली. गोल पुरा झाला. साहेब पेढीवरून पैसे आणल्यासारखे बातमी घेऊन आले. "घ्या ताई, आता अगदी पक्की. डोकं लावा, गोल काढा."

ताईंनी कंपासपेटी उघडली नाही. माझा कप उचलला, त्यातला चहा खिडकीबाहेर ओतला, कप पुसून नकाशावर ठेवला आणि त्याच्या बुडाभोवती शाई फिरवली. माप अगदी बरोबर आलं.

पलीकडचे लोकही काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी मागचा पूल उडवला आणि वेढा घालणाऱ्यांनाच बाहेरून वेढा घातला. ताईंनी दुसरा गोल काढायला घेतला तर साहेबांनी हात आडवा धरला.

"दुसरा नको. वाचकांचा गोंधळ होतो."

सेनापती म्हणत होते, पोरांना माघारी आणू द्या. मंत्री म्हणत होते, सह्या होईपर्यंत नाही. टेबलावर मांडलेली वस्तू बोलणी चालू असताना उचलत नाहीत. तिकडे गोल रोज आवळत होता. कागदावर तो कपाएवढाच राहिला. ताई रोज संध्याकाळी तो तेवढाच काढत आणि घरी जात.

मग तह झाला. डोंगर परत मिळाला, शेतं परत दिली, शहराचं नावही कुणी घेतलं नाही. मंत्र्यांचा फोटो पहिल्या पानभर आला, त्यामुळे त्या दिवशी नकाशाला जागा उरली नाही. गोलातले काहीजण अनवाणी चालत घरी पोचले.

भावाचं सांगायला साहेब स्वतः आले. त्या दिवशी प्रथमच ते टेबलावर न बसता खुर्चीवर बसले. खुर्ची नेमकी लंगडी निघाली, ते कलंडले आणि सावरले.

"ताई, त्याच्यासारख्यांमुळे टेबलावर आपलं वजन पडलं हो."

"त्याचं कसलं वजन पडणार?" ताई म्हणाल्या. "काडी होता नुसता."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या. नव्या सीमेचा नकाशा हवा होता. त्यांनी खणातून लढाईआधीचा हवामानाचा नकाशा काढला, त्यावर पातळ कागद ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून धरले. रेघेवर रेघ बसली, केसाचाही फरक नाही. फक्त जुन्या नकाशात त्या शहरावर एक छोटा ढग काढलेला होता.

ताई कागद काचेला धरूनच उभ्या राहिल्या. मला येऊन येऊन एकच धंदा येतो, तो मी केला.

"चला ताई," मी म्हणालो, "जुनाच चालतोय. तुमचं काम वाचलं."

"तेवढंच वाचलं."